पळती अक्षरं

पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. खात्याच्या नावाने मारायची. मी स्टोअर्स, काचेच्या केबिनमधले अकाउंट्स आणि तो मेंटेनन्स. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, मी ते अनेकदा वाचलंही होतं, पण आज त्याची आठवण काढायची म्हटली की मनात 'मेंटेनन्स'च येतं. तोही मला कधी ताई म्हणाला नाही, वहिनी म्हणाला नाही. "स्टोअर्स, तीन नंबरचे फ्यूज द्या," एवढंच.

त्याला बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. डबासुद्धा तो उभ्याने खायचा, आणि तोही चालत. पोळीची सुरळी एका हातात, मिरची दुसऱ्या हातात, कॅन्टीनच्या या दाराने आत आणि त्या दाराने बाहेर. कॅन्टीनच्या मावशी ओरडायच्या, "ओ मेंटेनन्स, सांडतंय तुमचं! म्या पुसत फिरू व्हय तुमच्या मागं?"

"मावशी, बसून खाल्लेलं मला पचत नाही."

"मंग घोड्याच्या जन्माला यायचं हुतं."

पुण्याला सुटे भाग आणायला तो बसने जायचा. वाटेत भूगावला बस जरा जास्त थांबली की हा उतरायचा, चालत पुढचा थांबा गाठायचा आणि मागून आलेल्या त्याच बसमध्ये पुन्हा चढायचा. तिकीट नवं. एका कंडक्टरने त्याला माझ्यादेखत सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या एकट्यावर आमचा डेपो चालतोय." त्याला त्यात गंमत वाटली नाही. "बस थांबली होती," तो म्हणाला, जणू त्याने सगळं स्पष्ट होतं.

"बसलं की गंजतं" हे त्याचं लाडकं वाक्य. मशीनबद्दल म्हणायचा, फायलीबद्दल म्हणायचा, जेवल्यावर डुलकी काढणाऱ्या प्रॉडक्शनच्या साहेबांबद्दल त्यांच्या तोंडावर म्हणायचा. यामुळे त्याची बढती दोनदा अडली. आधी तो हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत होता, तिथली नोकरी खुर्चीत बसावं लागतं म्हणून सोडली असं त्याने मला सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. नंतर ठेवला.

दोन हजार सातच्या आषाढात ताम्हिणीच्या वरच्या अंगाला एका वाडीवर डोंगराचा तुकडा उतरला. माणसं खालच्या खाचरांत भाताच्या लावणीला गेली होती म्हणून वाचली. घरं, भांडी, शेळ्या आणि एका खोलीची शाळा मातीखाली गेली. आमच्या कंपनीची उरवड्याजवळ पत्र्याची तीन गोदामं रिकामी होती, ती साहेबांनी त्या वीस-बावीस कुटुंबांना राहायला दिली. "दोन महिन्यांची सोय," ते म्हणाले. मग मला बोलावलं. "मॅडम, चादरी, बादल्या, पाण्याचा टँकर, हे तुम्ही बघा. शेवटी स्टोअर्सचंच काम आहे."

दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. शिफ्ट सुटल्यावर रोज मी तिकडे. घरी दहावीतला मुलगा, नवरा शहरात नोकरीला, आणि मी उरवड्याच्या शेडमध्ये बादल्यांवरून बायकांची भांडणं सोडवते आहे. मला ते काम आवडायचं असं खोटं सांगणार नाही. पण कुणीतरी करायला हवं होतं आणि बाकीच्यांना यादी करता येत नव्हती.

लहान मुलं अंगणवाडीत गेली. मोठ्यांचा घोळ झाला. जवळच्या शाळेने दाखले मागितले आणि दाखले मातीखाली. शिवाय दाखले असते तरी काय? वाडीवरच्या शाळेत पावसाचे चार महिने मास्तर पोचत नसे आणि उरलेल्या महिन्यांत मुलं आईबापांबरोबर कामाला जात. दहा-बारा वर्षांच्या पोरांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. दिवसभर ती शेडच्या पत्र्यावर दगड मारत बसायची.

मेंटेनन्स तिथे आला तो एक ट्यूबलाइट लावायला. अर्ध्या तासाचं काम. तीन तासांनी मी गेले तर हा शेडभोवती फेऱ्या मारतोय आणि त्याचा मोबाइल एका मुलीच्या हातात. ही भागी. बारा वर्षांची, काटक, केस कायम डोळ्यांवर. फोनमधला सापाचा खेळ तिने शोधला होता, चालू केला होता आणि वर आवाजही बंद केला होता, कारण तिची आई ओरडत होती.

"वाचता येतं तुला?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग हे कसं सापडलं?"

"चित्रं ध्यानात ठिवली. आधी ह्ये, मंग त्ये, मंग दोनदा खाली." मान वर न करता तिने उत्तर दिलं. "बाई, बाजूला व्हा, उजेड आडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्स माझ्या खिडकीशी. "स्टोअर्स, स्क्रॅपमधले मोबाइल द्या."

कंपनीने नुकतेच सगळ्यांचे फोन बदलले होते आणि जुने पस्तीस-चाळीस एका खोक्यात पडले होते. मी म्हटलं, "गेटपास लिहून आणा."

"लिहायला बसावं लागतं."

"मग उभ्याने लिहा."

त्याने खरोखरच भिंतीला कागद लावून लिहिला, कारणाच्या रकान्यात 'शाळा' एवढाच शब्द. साहेबांनी सही केली, कारण त्यांना वाटलं स्क्रॅपचं खोकं कुठल्यातरी शाळेला दान चाललंय.

त्याला पोरांसाठी वाचायचा खेळ लिहायचा होता आणि त्या फोनांना मराठी येत नव्हती. मेंटेनन्सने एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी चित्रासारखं काढलं. पडदा आगपेटीएवढा. पोरांना दिसेल असं मोठं अक्षर काढलं तर एका वेळी तीनच मावायची. म्हणून त्याने ती चालवली. उजवीकडून अक्षर यायचं, डावीकडे निघून जायचं, मागून दुसरं. प्रत्येक अक्षर एका शेळीच्या पाठीवर. पहिल्या खेळांत शेळीमागून तिच्या अक्षराचं चित्र यायचं, 'क'मागे कोंबडी, 'ब'मागे बैल; ती पाठ झाल्यावर वाक्यं. शेळ्या एका रांगेत कुंपणाच्या फटीतून जात आणि त्यांच्या पाठीवर वाक्य असे: 'म्हातारीनं कोंबडी इकली.' सगळ्या शेळ्या गेल्या की तीन चित्रं यायची. कोंबडी, बैल, भांडं. बरोबर चित्राचं बटण दाबलं तर फाटक उघडायचं. चुकलं तर वाघ एक शेळी न्यायचा.

वाक्यं सगळी पोरांचीच. तो शेडभोवती फिरत फिरत ऐकायचा आणि बॉलपेनने तळहातावर लिहायचा. साहेबांबरोबर आलेल्या एका पाहुण्या बाईंनी ते पाहिलं आणि नाक मुरडलं. "इकली? हे अशुद्ध नाही का?"

"कोंबडी त्यांची आहे," मेंटेनन्स म्हणाला आणि पुढच्या फेरीला निघून गेला.

शिकवणं हा प्रकार त्याला मान्यच नव्हता. पोरांच्या हातात फोन असताना त्यांच्यापासून दहा पावलांच्या आत कुठल्याही मोठ्या माणसाने उभं राहायचं नाही, असा त्याने नियम केला आणि तो मला पहिल्यांदा लावला. स्वतः तो पोरांकडे पाठ करून चालत राहायचा. खेळ चांगला की वाईट हे ठरवायची त्याची एकच कसोटी होती. ज्या खेळावरून मारामारी होत नाही तो खेळ बाद. एका आठवड्यात कुणी कुणाचे केस ओढले नाहीत की तो अस्वस्थ व्हायचा. "स्टोअर्स, शांतता आहे. काहीतरी बिघडलंय." मग फोन गोळा करायचा, सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावायचा आणि दोन दिवसांनी नवा खेळ भरून आणायचा. त्यात शेळ्या आणखी जोरात पळायच्या.

मी त्याला एकदा विचारलं होतं, अक्षरं एवढी पळवता कशाला? एक शब्द दाखवा, पोरांनी बटण दाबलं की दुसरा दाखवा.

"थांबलेल्या अक्षराकडे पोरं बघतच नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही तरी बघता का? भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध' लिहिलंय, कुणी वाचतं?"

मला ते पटलं. हे मी कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा होता.

माघ-फाल्गुनापर्यंत पोरं धडाधड वाचायला लागली. भागी सगळ्यांच्या पुढे. एकदा चार्जिंगच्या वेळी तिचा फोन मी हातात घेतला, तर शेळ्या इतक्या जोरात गेल्या की मला अर्धीच अक्षरं दिसली, आणि ही रोज बटण दाबून मोकळी. दहा पावलांवरून मी ओरडायचे, "काय लिहिलं होतं?" ती ओरडायची, "बाई, तुमी म्हाताऱ्या झाल्या!" आणि मग अख्खं वाक्य सांगायची.

शिमग्याला भट्टीवरून आला तेव्हा मी तिच्या बापाला गाठलं. घाटाच्या अलीकडे एक निवासी आश्रमशाळा होती, तिथे मुलीची सोय झाली असती. बाप वीटभट्टीवर जाणारा, अंगाने लहान, बोलायला सरळ. तो म्हणाला, "पाचवीत घेत आसतील तर धाडतो. तिच्या वयाच्या पोरी पाचवीत हायेत. पहिलीत शेंबड्या पोरांच्या मदी बसवायची आसंल तर नको. ती बसायची न्हाई, चार दिसांत पळून यील. त्यापरीस दिवाळी झाली की माज्यासंगं भट्टीवर चलंल."

"आणि पाचवीत घेतलं तर?"

"मंग म्या कशाला आडवू?"

मुख्याध्यापकांना भेटले. जाडजूड, शांत माणूस. म्हणाले, दाखला नाही, हरकत नाही, वयाप्रमाणे पाचवीत घेतो, पण चौथीचं पुस्तक माझ्यासमोर वाचून दाखवलं पाहिजे. नाहीतर पहिलीपासून. जूनमध्ये घेऊन या.

मी निर्धास्त होते. चाचणीला आठ दिवस उरले तेव्हा, सहज म्हणून, मुलाच्या जुन्या पुस्तकांतलं चौथीचं मराठीचं पुस्तक शेडवर नेलं आणि भागीच्या हातात दिलं. "वाच."

तिने पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. शेजारच्या पोराकडे बघितलं.

"वाच ना."

"बाई, ही हालत न्हाईत."

"कोण?"

"अक्षरं. समदी येकदम हुबी हायेत."

मला आधी वाटलं चेष्टा करतेय. तिच्या कपाळावर घाम होता. बोट ठेवून एकेक अक्षर विचारलं तर प्रत्येक येत होतं. बोट काढलं की ती हरवायची. डोळा कुठे न्यायचा हेच तिला माहीत नव्हतं. आठ महिने डोळा एका जागी ठेवून ती बसली होती आणि अक्षरं तिच्यासमोरून चालत गेली होती. आता अक्षरं जागची हलेनात, तर काय करायचं? बाकीच्या पोरांना बोलावलं. सगळ्यांचं तेच.

मेंटेनन्स शेडच्या मागच्या बाजूने फेरी पूर्ण करून आला. मी पुस्तक त्याच्यासमोर धरलं आणि सांगितलं. तो ऐकत ऐकत पुढे निघाला, मी त्याच्या मागे.

"थांबा जरा!"

"विचार करतोय."

"चालत करू नका. फोन गोळा करा सगळे. आठ दिवस मी हिला पुस्तकावर बसवते."

"आठ दिवसांत तुम्ही तिचा डोळा बदलणार? उलट ती घाबरेल."

मग मी बोलू नये ते बोलले. "ही तुमची खाज आहे. तुम्हाला एका जागी बसवत नाही म्हणून तुम्ही अक्षरंही पळवलीत. पोरीच्या गरजेने नाही, स्वतःच्या."

तो थांबला. शेडच्या कडेला सिमेंटची एक रिकामी गोणी पडली होती, तिच्यावर बसला. त्याला असं बसलेलं पाहून पोरं खेळ सोडून बघायला लागली. एक पोरगा म्हणाला, "मोबाइलमामा आजारी हाय का?"

आठ दिवस मी रोज संध्याकाळी भागीला घेऊन बसले. बोट ठेव, वाच, बोट सरकव. तिचे डोळे पाणवायचे, डोकं दुखायचं. तिसऱ्या दिवसापासून मला बघितलं की ती पाण्याला जायची. सातव्या दिवशी एक ओळ वाचायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी सबंध शेडच्या बादल्या मोजल्या असत्या. तिने पुस्तक मिटलं. "मला न्हाई जायचं साळंत. म्या जाते आबासंगं."

तरी चाचणीच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. बाप बरोबर होता, स्वच्छ सदरा घालून. मेंटेनन्सला बोलावलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा तो आश्रमशाळेच्या पटांगणात फेऱ्या मारत होता.

मुख्याध्यापकांनी पुस्तक उघडून भागीसमोर ठेवलं. धडा मधमाश्यांचा होता. "वाच बाळ."

भागी पानाच्या कडेने बोट फिरवत राहिली.

"सावकाश वाच."

बापाने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तेवढ्यात मेंटेनन्स आत आला, परवानगी न विचारता. टेबलावरचा एक फाटका लिफाफा उचलला, नखाने त्यात छोटी खिडकी पाडली, तो लिफाफा डाव्या हाताने टेबलावर घट्ट दाबून धरला आणि उजव्या हाताने पुस्तक त्याच्याखालून डावीकडे ओढायला लागला. खिडकीतून अक्षरं जायला लागली. ओळ संपली की पुस्तक उजवीकडे परत, जरासं वर, पुन्हा ओढायचं.

"मधमाशी... दिवसभर... फुलांवर... मामा, जोरात वढा की! झोप यायलीय."

त्याने ओढण्याचा वेग वाढवला. ती वाचत सुटली. अडखळणं नाही, दम घेणं नाही. पानाच्या शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "मध काडताना धूर करत्यात ते ह्यात लिवलं न्हाई. आर्धंच लिवलंय." दारातला शिपाई हसला.

मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी लिफाफा उचलून खिडकीतून पलीकडे पाहिलं. "वाचते, हे खरं. समजतंही तिला. पण वर्षभर पुस्तक कोण ओढणार?"

"मी," मेंटेनन्स म्हणाला.

"तुमची नोकरी?"

"सोडतो."

त्याने सोडली असती. मी मध्ये पडले. "सर, यांच्या नादाला लागू नका. सहामाहीपर्यंत तिला पाचवीत बसू द्या. तोवर तिने जागची न हलणारी, उभी ओळ वाचली नाही तर तुम्ही म्हणाल ते."

त्यांनी बराच वेळ टेबलावर पेन आपटलं. शेवटी म्हणाले, "सहामाहीपर्यंत. नाव पेन्सिलीने लिहितो."

बाप बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हंजी दिवाळीपातुर." भट्ट्याही दिवाळीनंतरच लागतात. हिशेब त्याला बरोबर कळला होता.

त्यानंतरचे चार महिने मेंटेनन्सने जे केलं ते त्याच्या स्वभावाविरुद्ध होतं, म्हणून मी त्याची किंमत जास्त धरते. दर रविवारी तो आश्रमशाळेत जायचा आणि भागीच्या फोनमध्ये नवा खेळ भरायचा. दर वेळी शेळ्या आदल्या रविवारपेक्षा थोड्या हळू. आणि अक्षरं थोडी लहान, म्हणजे पडद्यावर तीनऐवजी चार मावतील, मग पाच. शनिवारी दुपारी तो माझ्या स्टोअर्समध्ये येऊन ते तपासायचा, कारण तिथे खुर्ची होती. खुर्चीवर बसून, दोन्ही पाय थरथर हलवत, तो त्या रांगत जाणाऱ्या अक्षरांकडे बघायचा. कपाळाची शीर उडायची. एकदा तो फोन टेबलावर ठेवून बाहेर पळाला, सबंध कारखान्याला एक फेरी मारून आला आणि परत बसला.

"होत नाही तर उभ्याने बघा," मी म्हटलं.

"ती बसून बघणार आहे."

शेडवरच्या पोरांनाही तेच खेळ मिळाले. त्यांनी बंड केलं. "मामा, शेळ्या म्हाताऱ्या झाल्या काय?" मारामाऱ्या पार बंद पडल्या. त्याच्या स्वतःच्या कसोटीने हे सगळे खेळ बाद होते. तरी तो भरत राहिला.

भाद्रपदात अक्षरं थांबली. आठ अक्षरांची ओळ पडद्यावर गप्प उभी आणि तिच्याखालून एकच शेळी, पाठ रिकामी, एका अक्षराखालून दुसऱ्या अक्षराखाली चालत जायची. मला ते पाहून पहिल्यांदा वाटलं की हा माणूस हुशार आहे. तोवर नुसता विक्षिप्त वाटत होता.

सहामाहीला पंधरा दिवस असताना एका सोमवारी माझ्या खिडकीच्या काचेवर चिठ्ठी. 'स्टोअर्स, काल शेळी काढून टाकली. आता हलवायला काही उरलं नाही. किल्ल्या ड्रॉवरमध्ये.' साहेबांच्या टेबलावर राजीनामा, तोही भिंतीला लावून लिहिलेला, अक्षरं उतरत गेलेली.

मला भयंकर राग आला. अजून येतो. माणसाने एवढं करावं आणि निकालाला थांबू नये? आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तो कुठे आहे हे मला कधीच नीट कळलेलं नाही. कधी मराठवाड्यातला साखर कारखाना असतो, कधी कच्छमधली पवनचक्की. वर्षा-दोन वर्षांनी फोन येतो. "स्टोअर्स, पुण्यात पितळी बुशिंग कुठे मिळतील?" मी पत्ता सांगते. कशा आहात, काय चाललंय, असलं काही नाही. मागून वाऱ्याचा आवाज येत असतो, म्हणजे तो चालत असतो. भागीबद्दल त्याने एकदाही विचारलेलं नाही. मी सांगायला लागले की फोन ठेवतो. निकालाची भीती वाटते त्याला, असं माझं मत आहे. चूक सापडली तर दुरुस्त करता येते, पण बरोबर आलेल्या गोष्टीजवळ नुसतं उभं राहावं लागतं आणि ते त्याच्याच्याने होत नाही.

सहामाहीच्या वेळी मी एकटीच गेले. बाप आला होता, पण आत यायला तयार नव्हता. फाटकाशी उकिडवा बसून राहिला. त्याच्या मुकादमाचा निरोप आला होता, दिवाळी झाली की चार दिवसांत निघायचं होतं, भागीला धरून की तिच्याशिवाय, एवढंच ठरायचं होतं.

भागी गणवेशात होती. केस वर बांधलेले. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, "मामा कुटं?"

"गेले."

"कुटं?"

"माहीत नाही. तू वाच."

मुख्याध्यापकांनी पाचवीचं पुस्तक काढलं, कपाटातलं कोरं, तिने आधी पाहिलेलं नसावं म्हणून. मध्येच कुठलंतरी पान उघडलं आणि पुस्तक टेबलावर ठेवून त्याच्या दोन्ही कडांवर स्वतःचे जाड पंजे ठेवले. आता ते कुणालाही ओढता आलं नसतं.

भागीने पानाकडे पाहिलं. हात मागे बांधले. मी माझ्या पर्सचा पट्टा गुंडाळत होते, सोडत होते.

पहिला शब्द यायला वेळ लागला. मग दुसरा. मग ती चालू लागली. पूर्वीसारखी सुसाट नव्हे, पण न थांबता. आणि वाचताना तिची मान हलत होती. ओळीच्या सुरुवातीला मान डाव्या खांद्याकडे, मग शब्दाशब्दाबरोबर सरकत उजवीकडे, ओळ संपली की झटकन परत. पुस्तक जागेवर होतं. सबंध भागी त्याच्यावरून चालत होती.

अर्ध्या पानावर मुख्याध्यापक म्हणाले, "मान स्थिर ठेव. नजर फिरव फक्त."

तिने मान रोखली. वाचणं थांबलं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही ओळ उभी हवी म्हणाला होतात. ओळ उभी आहे. मानेचं काही ठरलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकावरचा एक हात काढून हजेरीपट ओढून घेतला आणि खिशातलं शाईचं पेन काढलं. "हं, वाच. हलव मान."

पेन्सिलीच्या नावावरून पेन फिरू लागलं. भागीचं पान संपलं होतं, तिला तेवढंच वाचायला सांगितलं होतं. तिने मागचा हात सोडवला, स्वतःच पान उलटलं आणि मान पुन्हा डावीकडे नेली.